मिठात समुद्र नाय

बाबा,

आमच्या हॉलमध्ये, जिथे पुस्तकांचं तिसरं कपाट होतं, तिथे आता साडेतीन फुटांची काचेची टाकी आहे आणि तिच्यात समुद्राचं पाणी आहे. निदान तुझ्या सुनेची तशी समजूत होती. ते समुद्राचं पाणी का नाही, हे या घरात फक्त मला ठाऊक आहे. त्यापायी टाकीतला एक जीव मेला, दोन मरायला टेकलेत, आणि एका निरपराध बाईला तिच्याच दुकानात खोटारडी ठरवून आम्ही परवा घरी आलो. तुझी सून आत्ता टाकीसमोर स्टूल टाकून बसली आहे आणि अजून आपल्या हातालाही दोष देते आहे. तिच्यापासून सहा फुटांवर, जेवणाच्या टेबलाशी बसून मी तुला लिहितो आहे. तिला वाटतंय, मी रविवारच्या व्याख्यानाची टिपणं काढतोय. "जरा हळू लिहा हो," ती आत्ताच म्हणाली, "टेबल हलतंय. मासे दचकतात." दुपारचे साडेतीन वाजलेत. मी दोनदा उठलो, पंखा उगाच कमी-जास्त केला, गॅलरीत जाऊन आलो, परत बसलो.

तुला अरेतुरेच करतो. व्यासपीठावर मी 'माझे वडील म्हणत असत' असं म्हणतो, लोकांना ते भारदस्त वाटतं. पण आपल्या घरात बापाला अहोजाहो करायची रीत नव्हती, आणि आज भारदस्तपणा करून माझं काम भागणार नाही.

टाकीची हौस तिची. सगळी उमर दवाखान्यात नर्स म्हणून राबली, निवृत्त झाली, आणि दुसऱ्याच आठवड्यात दाढ दुखते म्हणून आम्ही दाताच्या डॉक्टरकडे गेलो. तिथे बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे दगडाच्या खोबणीतून आत-बाहेर करत होते. ही दाढ विसरली. तिचं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, शेवटी कंपाउंडर येऊन उभा राहिला. घरी येताना रिक्षात म्हणाली, "मला असं एक हवंय." मी म्हटलं, मासे कशाला, कुत्रा पाळू, राखण तरी करेल. "नको," ती म्हणाली, "जन्मभर तुमची भाषणं ऐकली. आता घरात एक तरी प्राणी असा पाहिजे, जो बोलत नाही." रिक्षावाला इतका हसला की त्याचं वळण चुकलं.

मला एखादी गोष्ट करायची ठरली की मी आधी वाचतो. पाच जाडजूड पुस्तकं वाचली. प्रवाळ कसं वाढतं, माशांना तहान का लागते, सगळं तोंडपाठ झालं. पापडी गावाला जाणाऱ्या रस्त्यावर एक लहानसं दुकान आहे, तिशीतली एक बाई ते चालवते. तिच्यापुढे मी अर्धा तास समुद्रावर बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, सगळं बरोबर आहे तुमचं. पण एक सांगू? घाई असेल ना, तर गप्पी पाळा. खाऱ्या पाण्याला टाइम द्यावा लागतो. टाकी भरायची, दगड लावायचे आणि सहा आठवडे नुसतं बघत बसायचं. पाणी मुरलं पाहिजे, लोणच्यासारखं."

"सहा आठवडे? रिकाम्या टाकीकडे?"

"रिकामी नसते ती. तुम्हाला दिसत नाही एवढंच."

तुझी सून माझ्याकडे बघून हसली. त्या बाईने मला पहिल्याच भेटीत ओळखलं होतं.

मग मिठाचा प्रश्न आला. बाईने काउंटरवर झाकणाची निळी बादली ठेवली. परदेशातून आलेलं, टाकीसाठीच बनवलेलं मीठ. घरच्या आरओच्या पाण्यात ठरलेल्या मापाने विरघळवायचं की समुद्र तयार. बाबा, माझं डोकंच फिरलं. मिठागरावर जन्मलेल्या माणसाने साता समुद्रापलीकडून मीठ आणायचं? ज्या गावात पोराला पाळण्यातून उतरवलं की खारट मातीतच ठेवायचे, त्या गावच्या माणसाने? मी तिथल्या तिथे सुरू झालो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती ऐकायला थांबली, आणि कोणी ऐकायला थांबलं की मला थांबता येत नाही. "काका, खायचं मीठ वेगळं, हे वेगळं," ती बाई म्हणाली. मी हात उंचावून म्हटलं, "आमच्या मिठात अख्खा समुद्र आहे!" गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. तुझ्या सुनेने पर्स उघडली. "द्या हो बादली. यांना घरी गेल्यावर पाणी पाजते."

म्हणजे वाद मी हरलो. मी वाद हरत नाही, असा माझा लौकिक आहे. खरं असं आहे की हरलो तर मागच्या दाराने जाऊन जिंकून येतो. होळीनंतर तिच्या भाच्याची हळद होती, गास गावी. ती सकाळीच माहेरी गेली, मी 'घसा बसलाय, तिथे डीजे असणार' म्हणून मागे राहिलो. ती वळली आणि मी स्कूटर काढली. आपल्या खाडीच्या बाजूला अजून एक मिठागर चालू आहे, तुझं नव्हे, पलीकडचं. तिथून अर्धं पोतं मीठ आणलं. जाड, करडं, ओलसर मीठ. पोत्यात हात घातला तेव्हा तळव्याला ते टोचलं आणि मला तू दिसलास, खरंच दिसलास, आणि मला वाटलं की मी काहीतरी थोर करतोय. निळ्या बादलीतलं मीठ एका पोत्यात ओतून ते माळ्यावर ढकललं. गावचं मीठ मिक्सरमध्ये बारीक करून निळ्या बादलीत भरलं. तीन तास मिक्सर चालवला, बाबा. भांड्याचं पातं गेलं. मग एकट्याने सगळी टाकी भरली. मापाची काडी पाण्यात तरंगवली, खारटपणा पुस्तकात दिलाय तसा अगदी रेघेवर आला. मी टाळी वाजवली. एकट्याने, रिकाम्या घरात.

ती संध्याकाळी आली, कपाळाला हळद लागलेली, हातात जेवणाचे डबे. भरलेली टाकी पाहून चप्पल काढायची विसरली. "एवढं एकट्याने केलंत? माझ्यासाठी?" म्हणाली. मग मला पालथं झोपवून माझ्या पाठीला बाम चोळला. मी उशीत तोंड घालून पडून होतो आणि सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढचे सहा आठवडे मी कसे काढले, विचारू नकोस. ती रोज सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसे. टाकीत होतं काय? दगड आणि पांढरी वाळू. "बघा, दगडावर तपकिरी काहीतरी धरलंय," ती म्हणे. "बघा, आज ते हिरवट झालंय." वीज गेली की बॅटरीवरचा पंप लावायला धावायची. ऊन वाढलं तशी टाकीच्या तोंडावर छोटा पंखा बसवला. रुग्णाच्या उशाशी असतो तसा तक्ता लटकवून त्यात ती पाण्याचं तापमान लिहायची. मी मात्र येरझाऱ्या घालत होतो. सभा असेल तिथे जायचं, नसेल तर कुणाच्या तरी पाण्याच्या प्रश्नावर निवेदन लिहायचं, घरी आलो की विचारायचं, "आला का मासा?" ती म्हणे, "मासा येत नाही हो. मासा येण्यासारखं आधी व्हावं लागतं."

तुझ्याबरोबर मी मिठागरावर येत असे तेव्हा मला हेच सोसत नव्हतं. दिवाळीनंतर बांध दुरुस्त व्हायचे, उधाणाचं पाणी आत घ्यायचं, मग ते एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवत न्यायचं, आणि मधे फक्त ऊन आणि वाट. मी दहा वर्षांचा आहे. तू बांधावर उकिडवा बसला आहेस आणि बोटांच्या चिमटीत पाणी चोळून बघतो आहेस. पाणी दाट झालं की ते तेलासारखं लागतं, तू म्हणतोस. मी तिसऱ्यांदा विचारतो, मीठ कधी होणार. तू पुन्हा पाण्यात बोटं बुडवतोस. शेवटच्या वाफ्यात तळाला पांढरं दाणेदार मीठ धरलं आहे, वर पातळ गुलाबीसर पाणी आहे. आता फळीने ओढून रास करायची, आई आणि बाकीच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या आहेत. पण तू आधी बांध फोडतोस आणि वरचं सगळं पाणी खाडीत सोडून देतोस.

"पानी का सोडला?" मी विचारतो.

तू ओंजळीत थोडं घेऊन माझ्या जिभेला लावतोस. खारट नाही, कडू. जीभ आक्रसते, मी थुंकत सुटतो आणि बाया हसतात. "कडू पानी हाय," तू म्हणतोस. "रायला तं मीठ नासंल. खानाऱ्याला मीठ पायजे, बाकी सगला परत द्यायचा."

हे मी ऐकलं होतं, बाबा. माझ्या जिभेवर ठेवून मला शिकवलं होतंस. आणि बारा वर्षांनी मी काय केलं?

ती सभा तुला आठवत असणार. देवळापुढचं अंगण, कंदिलासारखा लोंबणारा एक बल्ब, भाड्याचा कर्णा. मालक मिठागर बंद करणार अशी कुणकुण होती आणि गावाने विरोध करायचा असं ठरत होतं. मी बावीस वर्षांचा, गावातला पहिला पदवीधर, हातात पहिल्यांदाच मोठा माईक. मी म्हणालो, "हे नुसतं मीठ नव्हे! या मिठात आपला अख्खा समुद्र आहे!" लोक उठून उभे राहिले. टाळ्या थांबल्या आणि तू मागच्या रांगेतून, खांद्यावरचा पंचा सावरत उभा राहिलास. "पोरा," तू म्हणालास, "मिठात समुद्र नाय. समुद्र आमी सोडून देतो."

लोक हसले. तुला हसवायचं नव्हतं, आता कळतं. तू मला विरोधही करत नव्हतास, दुरुस्त करत होतास. पण मला फक्त हसणं ऐकू आलं. मी माईकवर म्हणालो, "ज्यांना सहीच्या जागी अंगठा उठवावा लागतो, त्यांनी आज ऐकावं. बोलण्याचं काम शिकलेल्यांवर सोडावं." आधीपेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. तू खाली बसलास. सभेत समोरच्याला एका वाक्यात खाली कसं बसवायचं, ते मी त्या दिवशी शिकलो, आणि तेव्हापासून किती जणांना बसवलं याची मोजदाद नाही. पहिला तू.

मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढे होती आणि तू भाकरी मोडत होतास, सावकाश. मला वाटलं आता बोलशील. आई तुझ्या टाचांच्या भेगांना कोकमाचं तेल लावायला बसली, तिनेही मान वर केली नाही. तू तांब्या माझ्याकडे सरकवलास. "आवाज बरा हाय तुजा," म्हणालास. "पानी पी." त्यानंतर अकरा वर्षं तू होतास. त्या अकरा वर्षांत माझ्या एकाही सभेला आला नाहीस, आणि का येत नाहीस असं मी एकदाही विचारलं नाही. ते मिठात समुद्र असल्याचं वाक्य मात्र मी सोडलं नाही. गावोगाव बोललो. रविवारच्या कार्यक्रमाचे आयोजक सकाळीच फोनवर म्हणाले, "सर, तो मिठाचा भाग घ्याच." घेतो म्हटलं.

टाकीचं सांगतो. सहा आठवडे झाल्यावर दाताच्या डॉक्टरकडे होते तसेच दोन केशरी मासे आले, आणि त्यांच्याबरोबर एक लाल-पांढरी कोळंबी, माशांचं अंग साफ करणारी. आपल्या माणसाला तिच्याकडे बघून हसूच येतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "एवढी महाग कोळंबी आणि कालवणात टाकायची नाही?" तुझी सून म्हणाली, "वहिनी, तिच्याकडे तशा नजरेने बघू नका, तिला कळतं." दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी आडवी पडलेली होती. तिसऱ्या दिवशी माशांनी खाणं सोडलं. दोघांतला धाकटा कोपऱ्यात वाळूला टेकून भराभरा कल्ले हलवत राहिला. हिने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे चौथा हिस्सा पाणी बदललं, निळ्या बादलीतलं मीठ मापून घेऊन. मी बघत होतो. मासे आणखी मलूल झाले. "माझ्या हाताला काहीतरी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं दवाखान्यात औषधं हाताळली, अंगात मुरली असतील." ती डेटॉलने हात धुवायची थांबली, मग साबणाने धुवायची थांबली, मग टाकीत हातच घालेना. इतकी माणसं या हातांनी बरी करून घरी पाठवली तिने.

परवा ती बाटलीत टाकीचं पाणी आणि निळी बादली घेऊन दुकानात निघाली. मी मागोमाग. बाईने पाण्यात तपासणीचे थेंब टाकले, रंग बघितला, पुन्हा टाकले. "मॅग्नेशियम नसल्यासारखंच आहे," ती म्हणाली. "कॅल्शियम पण कमी. असं कसं? मीठ कुठलं वापरलं?"

"तुम्ही दिलेलंच. हे बघा."

तिने बादलीत हात घातला, चिमटीत मीठ चोळलं, जिभेवर ठेवलं. "ताई, हे आमचं नाही. हे खायचं मीठ आहे."

"म्हणजे मी खोटं बोलते?" तुझ्या सुनेचा आवाज चढला. मी तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "बादली तुमची, झाकण तुमचं. भेसळ करता आणि वर मलाच?"

"ताई, मी सीलबंद दिली होती."

"सील काय, कोणीही लावतं!"

एक जोडपं आपल्या पोरीसाठी गोल भांड्यातला मासा घेत होतं. नवरा बायकोला हळूच म्हणाला, "चल, दुसरीकडे बघू." त्यांनी भांडं काउंटरवर ठेवलं आणि ते निघून गेले. दुकानाची बाई माझ्याकडे बघत होती. भांडखोरपणे नाही. तिला वाटत होतं, हे गृहस्थ शिकलेले आहेत, बोलके आहेत, हे काहीतरी बोलतील. आणि बाबा, मी नळ्यांच्या रॅककडे बघत उभा राहिलो. हजार माणसांपुढे सत्यावर तासभर बोललेला मी.

घरी येऊन पुन्हा पुस्तकं काढली. तेच पान, जे मी चार महिन्यांपूर्वी पेन्सिलीने खुणा करत वाचलं होतं. समुद्राचं पाणी आटत जातं तेव्हा चुना आधीच्या वाफ्यांत खाली बसतो, शेवटी मीठ धरतं, आणि माशाला, कोळंबीला, प्रवाळाला जगायला लागणारं बाकी बरंचसं त्या वरच्या कडवट पाण्यात राहतं, जे मीठ पिकवणारा सोडून देतो. अगदी असंच लिहिलं आहे. खुणा केल्या, पाठ केलं, लोकांना ऐकवलं, आणि तुझ्या तोंडचं तेच वाक्य समोर असून मी ओळखलं नाही. मी तुला अडाणी ठरवलं होतं ना. अडाणी माणसाचं वाक्य वाङ्मय म्हणून चालतं, माहिती म्हणून चालत नाही. पाहिलंस, सुभाषित तयार झालं. टाळी घेऊन जाईल हे वाक्य. म्हणूनच मला माझा भरवसा वाटेनासा झालाय.

तिने स्टूल पुढे ओढलं. धाकटा आडवा झालाय. मी उठतो.

काल इथे पेन ठेवलं होतं. आता दुसरा दिवस आहे, सकाळ.

मी उठलो ते थेट तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. मनात सुरुवात तयार होती, 'मला तुला एक गोष्ट सांगायची आहे' वगैरे. ती मागे न बघताच म्हणाली, "काय हवंय? चहा उशिरा करते." मी म्हटलं, "बादलीतलं मीठ मी बदललं होतं. गावचं टाकलं." तिने टाकीवरचा पंखा सरळ केला. मग म्हणाली, "मिक्सरचं पातं?"

"हो."

"आणि मी त्या दुरुस्तीवाल्याशी भांडून आले." ती वळली. रडली नव्हती. नर्सचा चेहरा होता तो, आधी काय करायचं हे ठरवणारा. "माझं मीठ कुठाय?" माळ्यावर, म्हटलं. "काढा." मी शिडी लावली. पोत्यातलं मीठ दमटपणाने दगड झालं होतं. तिने ते बोटाने दाबून पाहिलं, बाजूला ठेवलं, तोंड धुतलं, साडीला पिन लावली. मला वाटलं होतं, ती बोलेल, मी ऐकेन, निदान ऐकण्याचं तरी पुण्य मिळेल. "चला," ती म्हणाली. "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा. साडेसहा वाजता गिऱ्हाइकं असतात, तेव्हा सांगा. परवा मी लोकांसमोर बोलले ना, मग लोकांसमोरच."

दुकानात पाच-सहा माणसं होती. मी माझी भाषणाची जागा शोधत होतो, सगळ्यांना दिसेल अशी, ही सवय. दुकानाची बाई म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा, पाण्याची पिशवी घेऊन येतायत." मी बाजूला झालो, फिल्टरच्या खोक्यांना टेकलो आणि तिथूनच म्हणालो की या बाईंचं मीठ चांगलं होतं, त्यांच्या बादलीत गावचं मीठ मी भरलं, आणि परवा सगळं ऐकत मी गप्प उभा राहिलो. तीन वाक्यं. टाळी पडली नाही. एका माणसाने माझ्याकडे बघून 'बरं' म्हटलं आणि पिशवी सांभाळत गेला. तुझी सून म्हणाली, "माझं चुकलं गं. मी वाटेल ते बोलले." बाईने तिचा हात धरला. नव्या मिठाची बादली काढून दिली, पाणी कसं हळूहळू बदलायचं, एकदम नाही, ते समजावलं. आम्ही निघालो तेव्हा ती मला म्हणाली, "काका, आलात ते बरं केलंत. पण परवा इथे होते ते दोघं आज नव्हते."

तिने चिडून नाही म्हटलं. हिशेबाला उणं राहिलं तेवढं सांगितलं. पण रात्रभर त्या एका वाक्याने मला झोपू दिलं नाही. ती जोडी कोण, कुठली, कुणाला ठाऊक. ते दोघं जन्मभर त्या दुकानाबद्दल सांगतील, भेसळ करतात.

सकाळी धाकटा मासा गेला. थोरल्याने आत्ता दोन दाणे घेतले, एक थुंकला, पुन्हा घेतला. ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. बादली धरा, नळी धरा, आता सोडा. रविवारच्या लोकांना फोन करून सांगितलं की मिठाचा भाग घेणार नाही. ते म्हणाले, मग दुसरं काय बोलाल? कळवतो म्हटलं.

आणि बाबा, त्या सभेतली माणसं अजून आहेत. सगळी नाहीत, सहा-सात जण आहेत. ज्यांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या त्यांतला एक देवळासमोरच राहतो, एक गासला लेकीकडे असतो, एकीला आता ऐकू कमी येतं पण मोठ्याने बोललं की कळतं. कोण कुठल्या घरात, मला तोंडपाठ आहे. स्कूटरने वीस मिनिटांचा रस्ता. ज्याला मी खाली बसवलं तो बरोबर सांगत होता, एवढंच त्यांच्यासमोर बोलायचं आहे, आणि दुकानाच्या बाईला जी सोय उरली नाही, ऐकणारे तेच लोक सापडण्याची, ती मला अजून आहे.

आज सकाळी स्कूटर काढली होती. नाक्यापर्यंत गेलो, पेट्रोल भरलं, आणि परत येऊन हे लिहायला बसलो. ते लोक मला उलट विचारतील. तू विचारणार नाहीस, म्हणून तुला लिहिलं.